शटर ओढल्यावर

एसटीने फाट्यावर हॉर्न दिला, तेव्हा दैवशाला अजून मिरचीच्या वजनकाट्यापाशीच होती.

टपालाची थैली छातीशी धरून ती पळत होती. काट्यावर हिरव्या मिरचीची पोती टेम्पोत चढत होती. त्या वासाने नाक हुळहुळलं आणि पळता पळता तिला एक शिंक आली... मग दुसरी. तिसरी शिंक आवरेपर्यंत गाडी हलली.

“ओ कंडक्टर! थैली!”

कंडक्टरच्या कानापर्यंत काही पोचलं नाही. धुळीचा लोट तेवढा मागे राहिला.

“थैली द्या इकडं. मी गाठतो गाडी.”

शेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली होती. वर एक तरणा माणूस. निळा चौकड्यांचा शर्ट, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी, आणि डोळ्यांत हसू... ते तिच्या शिंकांना होतं की काय, कळायला मार्ग नव्हता.

“तुम्हाला द्यायची?” दैवशालाने थैली आणखी घट्ट धरली. “टपाल हाय हे. ओळख ना पाळख!”

“मंग थैलीसंगं तुम्हीबी चला. न्हाईतर दोघी इथंच राहा. गाडी तर चालली.”

तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग बसली. बसताना थैली दोघांच्या मध्ये ठेवली आणि दोन्ही हातांनी थैलीलाच धरलं. गाडी खड्ड्यातून उडाली तरी तिचा हात त्याच्या खांद्याला लागला नाही. खांदा मात्र अधूनमधून हलत होता. तो हसत असावा.

ओढ्याच्या वळणावर त्यांनी एसटी गाठली. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढून थैली घेतली. “काय मास्तरीणबाई, आज फटफटीवर?” म्हणाला आणि डबल बेल दिली.

परत फाट्यावर येईपर्यंत दोघांच्या मध्ये थैली नव्हती. दैवशाला शक्य तेवढी मागे सरकून बसली होती. उतरली तेव्हा त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, “चार वाजत आले. तुमचं पोस्ट तर एकला बंद होतं न्हाई का?”

रस्त्याने जाणाऱ्या माणसाला पोस्ट किती वाजता बंद होतं याच्याशी काय करायचं?

“तुम्ही कोण?” तिने विचारलं.

“मी?” त्याने गाडीला किक मारली. “गाव बघायला आल्तो.”

*

करंजवाडी धावड्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथलं पोस्ट म्हणजे दैवशालाच्या घराची पुढची खोली. पुढून शटर, मागून घर, मध्ये एक भिंत. गावातल्या शाखेच्या पोस्टमास्तरने जागा आपली द्यायची, असाच रिवाज. दहावीच्या मार्कांवर तिला हे पोस्ट मिळालं, तेव्हा तिच्या आईने, पुष्पाबाईने, त्या खोलीतल्या ज्वारीच्या कणग्या मागच्या पडवीत नेल्या होत्या. बाप नव्हता. भाऊ पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. गावात दैवशालाचं स्वतःचं असं काही असेल तर ती खोली, त्यातलं टेबल आणि तारखेचा शिक्का.

टपाल खातं पगार देत होतं चार तासांचा. काम चालायचं दिवस बुडेपर्यंत. एकट्या दैवशालाचं नाही, तालुक्यातल्या सगळ्याच ग्रामीण डाकसेवकांचं हेच दुखणं होतं. सगळे वर्षानुवर्षं सांगत होते की आम्ही दिवसभर राबतो, तर दिवसाचा पगार द्या. खातं म्हणायचं, खेड्यातल्या शाखेत चार तासांपलीकडं काम आहेच कुठं?

त्या वर्षी दिवाळी तोंडावर असताना संघटनेने ठरवलं, की आता नियमाने काम. बोर्डावर लिहिलंय एक, तर एकला शटर खाली. मग थैली राहो की गिऱ्हाईक राहो.

आणि त्याच आठवड्यात खात्याची पाहणी निघाली. ज्या शाखेत काम थोडं दिसेल ती शाखा धावड्याच्या ऑफिसात मिसळायची. करंजवाडी मिसळली, की दैवशालाने कुठल्या तरी लांबच्या गावी जायचं, नाहीतर घरी बसायचं. त्या खोलीत पुन्हा कणग्या.

एसटीमागे धावाधाव झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, नियमाने कामाच्या पहिल्याच सकाळी, तो निळा शर्ट तिच्या शटरमध्ये उभा राहिला.

“मी वरद. मेल ओव्हरसियर, शाखा तपासणारा,” तो म्हणाला. आज हसू नव्हतं. “पाहणीला आलोय. आठवडाभर बसावं लागंल इथं.”

दैवशालाच्या हातातला शिक्का हातातच राहिला. टपालाची थैली परक्या माणसाच्या गाडीवर नेली, हा गुन्हा. आणि ज्याच्या गाडीवर नेली तोच हा!

“गाव बघून झालं का मंग?” ती म्हणाली.

“थोडं राहिलंय,” वरद म्हणाला आणि बाकावर बसला. बसल्या बसल्या त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं.

कोपऱ्यात भुजंगमामा टपाल लावत होते. मामा म्हणजे गावचे जुने डाकसेवक. वाड्या-वस्त्यांवर सायकलने टपाल वाटण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि तालुक्याच्या संघटनेतही त्यांचा शब्द चालायचा. वरद बाहेर पाणी प्यायला गेला तसे मामा तिच्या कानाशी आले.

“दैवशाले, तो आदल्या दिवशी चोरून येऊन बघून गेल्ता?”

“चोरून न्हाई. गाडी गाठून दिली त्यानं.”

“तेच! आधी गाडीवर बसवलं, आता तेच दाखवून धमकावंल. साहेबाचा माणूस हाय तो. त्याच्याशी टपालाशिवाय एक अक्षर बोलू नको.”

बोलायची तिची इच्छाही नव्हती. पण तो बाकावर बसलेला असला, की पंख्याचा आवाजसुद्धा तिला जास्त वाटायचा. मान वर केली की नजर तिकडेच जायची... आणि त्याची नजर तेव्हा बराबर दुसरीकडे वळलेली असायची. एवढी बराबर, की संशय यावा.

एक वाजला. दैवशालाने शटरचा आकडा धरला. तोच दुसऱ्या बाजूने वरदने शटरला हात लावला.

“ओढू नका.”

“का? बोर्डावर एकच लिहिलंय.”

“या आठवड्यात ओढू नका. मला जे डोळ्यांनी दिसंल तेच सांगावं लागंल. काल तुम्ही चारला थैली घेऊन पळत होत्या, आज एकला शटर खाली. वर काय सांगू?”

“म्हणजे आंदोलन मोडू? सगळ्या तालुक्यात एकटीच उघडं ठेवू?”

“मी तसं म्हणलो न्हाई.”

“तुम्ही काय म्हणता ते मला चांगलं कळून राह्यलंय, साहेब.” तिने शटर ओढलं. अर्ध्यावर थांबून, खाली वाकून म्हणाली, “आणि एक. पोस्टाचं काय असंल ते कामाच्या तासात. तासांनंतर इथं आमचं घर असतं.”

शटर धाडकन खाली आलं. तिच्या मनात आलं, बोटं तर नाही ना सापडली त्याची? मग स्वतःचाच राग आला.

*

तो आठवडा विचित्र गेला. सकाळी पोस्टात माणूस नसायचं. सगळा गाव मिरचीच्या तोडणीला गेलेला. बायका रानातून परतायच्या दुपार कलल्यावर, आणि तेव्हा शटर खाली. त्या कुलपाकडे बघून निघून जायच्या. वरद सकाळभर रिकाम्या बाकांकडे बघायचा, आणि एक वाजल्यावर समोरच्या पारावर जाऊन बसायचा. घरी जायचा नाही.

“आता काय मोजतोय तो?” दैवशाला खिडकीच्या फटीतून बघायची.

“तू त्याला मोजून राह्यली, तो तुला मोजून राह्यला,” पुष्पाबाई म्हणाली. “चहा नेऊन देते पोराला.”

“त्याला कशाला चहा? चहाबी लिहून घेईल.”

“लिहू दे. साखर जास्त होती म्हणावं.”

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि बारीक पाऊस सुरू झाला. पारावरचा पिंपळ गळायला लागला तरी तो उठला नाही. आईने दिलेला चहाचा ग्लास त्याने हाताने झाकून धरला होता, पाणी पडू नये म्हणून. दैवशाला फटीतून बघत राहिली. असा कोण चहाला जपतो? की बघणाऱ्याने बघावं म्हणूनच...?

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

प्रभावतीबाई उभी होती. रानातून तशीच आलेली, पदर भिजलेला, बोटं मिरचीने लालबुंद झालेली. “पोरी, उद्या लेकीला दिवाळीला आणायला जायचंय. माझेच पैसे मला दे की गं. शटर पाडलं तुम्ही, मी कुठं जाऊ?”

दैवशालाने आईकडे पाहिलं. आईने तिसरीकडेच पाहिलं. मग दैवशाला आत जाऊन अंगठ्याचं मशीन घेऊन आली आणि परसात, पत्र्याखाली बसली. हळूच. मामांना कळलं तर फुटीर ठरायची.

मशीनने अंगठा घेतला नाही. पुसला, पुन्हा लावला. नाही. दुसरा अंगठा. तोही नाही. मिरची तोडून तोडून बाईच्या बोटांवरच्या रेषा उरल्याच नव्हत्या. दैवशालाने खोबरेल लावलं, पदराने पुसलं. मशीनचा लाल दिवा तसाच.

“चहाचा ग्लास—”

तिने मान वर केली. परसाच्या फाटकात वरद उभा होता, रिकामा ग्लास हातात घेऊन. केसांतून पाणी निथळत होतं.

पत्र्यावर पाऊस तेवढा बोलत होता.

“लिहा,” दैवशाला म्हणाली. आवाज तिला वाटला तेवढा कडक निघाला नाही. “हेबी लिहा. तासांनंतर मशीन काढलं म्हणून. आणि मामांनाबी सांगा, दैवशाला फुटली म्हणून. एका फेरीत दोन्ही कामं होतील.”

वरदने ग्लास ओट्यावर ठेवला. “कोमट पाणी हाय का?” त्याने विचारलं. “आणि थोडं बेसन.”

“भजी तळायचीत का?”

“अंगठ्याची तळायचीत.” तो प्रभावतीबाईसमोर उकिडवा बसला. “आमची आजी धावड्याची. ती पण तोडणीला जायची. आधी कोमट पाणी, मंग बेसन चोळायचं, मंग कोरडं करून थोडा वेळ थांबायचं. तेलानं तर अजून सरकतंय.”

पुष्पाबाईने बेसन दिलं. दैवशालाने पाणी ओतलं, त्याने म्हातारीचा अंगठा चोळला. ओतताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. दोघांनीही हात काढून घेतले नाहीत... म्हणजे काढले, पण थोडे उशिरा.

बराच वेळ गेला. शेवटी मशीनने हिरवा दिवा दाखवला.

“लागला गं बाई!” प्रभावतीबाईने वरदच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “कुणाचा रे तू? लग्न झालंय का?”

“आजी, तुम्ही पैसे मोजा,” वरद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

दैवशालाला हसू फुटणार होतं. ओठांवर आलंही होतं. तेवढ्यात वरदने मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

ते हसू तिथेच विझलं.

“झालं मोजून?” तिने विचारलं.

तो काहीतरी बोलणार होता. मग उठला. “मोजायलाच धाडलंय मला,” एवढंच म्हणाला आणि पावसात निघून गेला.

*

“आता दोन्हीकडून गेलीस,” भुजंगमामा म्हणाले. प्रभावतीबाईने गावभर त्या पोराचं कौतुक केल्यावर मामांना कळायला कितीसा वेळ लागणार? “बेसन काय, पाणी काय! माणसाला बोलतं करायच्या रीती असतात एकेक.”

“मामा, मला न्हाई तसं वाटत.”

“वाटायला लागलं की मंग काहीच दिसत न्हाई, पोरी.”

रात्रभर ती त्यावरच विचार करत राहिली. त्याने अंगठा चोळला, ते खरं? की घड्याळ पाहिलं, ते खरं?

आठवडा संपला तशी पाहणी झालेल्या शाखांची सुनावणी लागली, तालुक्याला, भोकरदनला. बाहेर मांडवात डाकसेवक बसले होते, घोषणा चालल्या होत्या. आत एका लांब टेबलामागे निरीक्षक मॅडम. एकेका शाखेला बोलावणं येत होतं. दैवशाला आणि मामा आत गेले तेव्हा वरद भिंतीशी उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“करंजवाडी,” मॅडम म्हणाल्या. “ओव्हरसियर, दुपारनंतर काय काम दिसलं?”

“काहीच न्हाई,” वरद म्हणाला. “एकला शटर खाली.”

“आणि सकाळी?”

“सकाळीबी गिऱ्हाईक नव्हतं मॅडम. एखाद-दुसरं.”

मामांनी दैवशालाकडे पाहिलं. बघ, सांगितलं होतं ना, असं त्या नजरेत होतं. दैवशालाच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, टेबल निघालेली, कणग्या लागलेली. तिला वरदचा राग यायला हवा होता. त्याऐवजी ती त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडेच बघत राहिली.

“म्हणजे चार तासांचंबी काम न्हाई,” मॅडम म्हणाल्या आणि पेन उचललं.

“पण मॅडम, हा आठवडा धरू नका. हा खोटा हाय.”

पेन थांबलं.

“तिथं सकाळी सगळं गाव रानात असतं,” वरद म्हणाला. “गिऱ्हाईक येतं तेच दुपार कलल्यावर. यांनी नियमानं शटर पाडलं आणि आपण नेमकं तेवढंच मोजलं. मी रोज पारावर बसून बघितलं, बाया येऊन कुलूप बघून परत जातात. आणि पैसे काढायला आपण धरतो दोन मिनिटं. मिरची तोडलेल्या बाईचा अंगठा लागायला अर्धा तास लागतो. मी घड्याळ लावून बघितलंय. स्वतः चोळून.”

“काय चोळून?”

“अंगठा, मॅडम. बेसन लावून.”

दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. दैवशालाने मान खाली घातली. म्हणजे ते घड्याळ... ते त्यासाठी होतं?

“तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं बोलताय?” मॅडमनी विचारलं.

“घड्याळाच्या.”

“शटर पाडायच्या आधी दुपारी काम चालायचं, याला पुरावा?”

वरद थोडा थांबला. त्या थांबण्यातच दैवशालाला पुढचं कळलं, आणि तिने जोरात मान हलवली... नको. त्याने पाहिलं. तरी बोलला.

“पाहणीच्या आदल्या दिवशी करंजवाडीची थैली चारच्या एसटीनं गेली. कंडक्टरला विचारा. गाडी चुकली होती, मी माझ्या गाडीवरून गाठून दिली.”

मॅडम टेबलावर पुढे झुकल्या.

“टपालाची थैली? तुमच्या खासगी गाडीवर?”

“हो. नियम मी मोडला. या नको म्हणत होत्या.”

“खोटं हाय!” दैवशाला उभी राहिली. “मी आपणहून बसले मॅडम. थैली यांच्या हातात दिलीच न्हाई. मधी ठेवली होती.”

“मीच बसा म्हणलो.”

“तुम्ही म्हणलात म्हणून मी बसत नसते!”

“बसलात ना पण.”

“थैलीसाठी बसले!”

भुजंगमामा खोकले. खूप वेळ खोकले. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “दोघंही बाहेर जा,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक होता, पण चेहरा पुरता नव्हता.

*

करंजवाडीची शाखा मिसळली नाही. दुपारची वेळ धरून पुन्हा पाहणी करायची ठरली. पगाराची मागणी मात्र वर पाठवली म्हणाले, आणि वर गेलेलं लवकर खाली येत नाही. आंदोलन थांबलं, बोर्डावर एकच वाजत राहिला. “पुन्हा बसू,” मामा म्हणाले. “पुढल्या वेळी मिरचीचा हंगाम बघून बसू.” मग थोड्या वेळाने, टपाल लावता लावता, पुटपुटले, “पोरगं वाईट नव्हतं.”

‘नव्हतं’ असंच म्हणायचं, कारण आता ते इथे नव्हतं. थैलीच्या गुन्ह्यासाठी वरदला ताकीद मिळाली आणि त्याच्या फेरीच्या गावांची लाइन बदलली. पार अंबडच्या बाजूला. दैवशालालाही ताकीद मिळाली, तिने ती डब्यात ठेवून दिली. नवा ओव्हरसियर आला. तो घड्याळ पाहायचा नाही, मोबाइल पाहायचा.

दिवाळी झाली. त्याचा एक फोन नाही. नंबर होता त्याच्याकडे, पोस्टाच्या बोर्डावरच लिहिलेला. दैवशालाला पुन्हा संशय यायला लागला. बदली त्यानेच मागून घेतली असेल. बोलणं सगळं घड्याळाच्या बाजूनेच होतं, आपल्या बाजूनं कुठं होतं? मग ती शिक्का जरा जास्तच जोरात मारायची.

एका संध्याकाळी थैली गेली होती, शटर खाली होतं. पुष्पाबाई चुलीपाशी होती. दैवशाला पडवी झाडत होती, तेव्हा दार वाजलं. शटर नाही, घराचं दार.

“बंद झालंय!” ती आतूनच ओरडली. “उद्या या!”

“उद्या आलो तर कामाच्या तासात येईन,” बाहेरून आवाज आला. “मंग तुम्ही टपालाचंच बोलाल.”

झाडू हातातच राहिला. तिने कडी काढली, पण दार पुरतं उघडलं नाही. फटीत निळा शर्ट.

“पाहणीला?” तिने विचारलं.

“न्हाई.”

“मंग कुणी धाडलं?”

“कुणी न्हाई. आपणहून आलो.”

“खरं?”

“बिलकुल खरं. तुम्हीच म्हणाल्ता, तासांनंतर इथं घर असतं. म्हणून घराच्या दारानं आलो.”

तिने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. नजर मनगटावर अडली. तिथे घड्याळ नव्हतं. उन्हाने रापलेल्या हातावर गोऱ्या कातडीचा पट्टा तेवढा उरला होता.

“घड्याळ कुठाय?”

“घरी ठेवलं. ते असलं की तुम्ही हसता हसता थांबता.”

काट्याकडून मिरचीचा वास येत होता. तिने शिंक दाबली.

“दैवशाला,” तो म्हणाला. पहिल्यांदाच असं नावाने. मग अडखळला. “त्या दिवशी गाडीवर... मधी थैली होती.”

“होती मंग?”

“पुढच्या वेळी... नसली तर चालंल का?”

ती दारात तशीच उभी राहिली, डोळे बारीक करून, जणू त्याच्या चेहऱ्यावरची तारीख तपासत होती. तो हलला नाही. मनगटाकडेही पाहिलं नाही.

“ओळख ना पाळख,” ती म्हणाली. आणि दार पुरतं उघडलं.

“कोण आलंय गं?” आतून पुष्पाबाईने विचारलं. “मशीन काढू का?”

“नको आई,” दैवशाला म्हणाली. “चहा टाक. साखर जास्त.”